‘आस्वाद’ : घासाकडून काव्याकडे आणि पुन्हा घासाकडे

१. प्रास्ताविक

मराठी साहित्याच्या अध्ययन-अध्यापनात ‘आस्वाद’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की, तिचे मूळ ठिकाण जेवणाचे पान आहे याचे भान आपणांस क्वचितच राहते. रस, रसिक, रसग्रहण, अभिरुची, चर्वणा, गोडी, माधुर्य ही सारी परिभाषा जिभेवरून उचललेली आहे. ‘पुढील कवितेचे रसग्रहण करा’ या प्रश्नाखाली विद्यार्थी वृत्त, अलंकार, प्रतिमा, आशय अशी ठरावीक रकान्यांत उत्तरे लिहितो. या प्रश्नाचा आपल्या तोंडातील घासाशी काही संबंध असेल, अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. रूपक वापरून वापरून गुळगुळीत झाले की त्याचे रूपकपण नाहीसे होते. ‘आस्वाद’ या शब्दाचे तसेच झाले आहे.

हे रूपक पुन्हा त्याच्या मूळ जागी नेऊन पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घास पाहून, हुंगून, हाताने जाणून, चावून, मन त्यात ठेवून खाणे म्हणजे नेमके काय, आणि या कृतीविषयी आपल्या शास्त्राने व साहित्याने काय जाणले होते, हा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि कुपोषणाच्या संदर्भात या जिल्ह्याचे नाव वारंवार घेतले गेले आहे. अशा ठिकाणी ‘सावकाश, चव घेत जेवावे’ हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रस्तुत लेखक याच जिल्ह्यातील महाविद्यालयात काव्यशास्त्र शिकवितो. हा प्रश्न त्याच्यासमोर पुस्तकातून आला नाही, वर्गातून आला.

२. ‘सुमनस’ प्रेक्षक आणि ‘तन्मना’ भोक्ता

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातील रससूत्र सर्वांस परिचित आहे. त्याच्या स्पष्टीकरणासाठी भरताने जो दृष्टांत दिला, त्याकडे मात्र आपण घाईने पाहतो. नाना व्यंजनांनी संस्कारित झालेले अन्न खाताना सुमनस माणसे रसांचा आस्वाद घेतात आणि हर्षादी अनुभव पावतात, त्याचप्रमाणे अभिनयाने व्यक्त झालेल्या स्थायीभावांचा आस्वाद सुमनस प्रेक्षक घेतात, असा त्याचा आशय आहे. येथे दोन्ही बाजूंना एकच विशेषण आहे, ही गोष्ट महत्त्वाची होय. जेवणारा सुमनस हवा आणि पाहणाराही सुमनस हवा. अन्न उत्तम आहे एवढ्याने आस्वाद सिद्ध होत नाही. भोक्त्याचे मन प्रसन्न आणि जागेवर असणे ही त्याची अर्धी सामग्री आहे. र. पं. कंगले यांनी ‘रस-भाव-विचार’ (१९७३) या ग्रंथाद्वारे हा अध्याय अभिनवगुप्ताच्या टीकेसह मराठीत सुलभ करून दिला आहे. विद्यार्थ्यांनी हा दृष्टांत त्यातून मुळातून वाचावा.

अभिनवगुप्ताने रसानुभवासाठी ‘चर्वणा’ हा शब्द योजिला. चर्वणा म्हणजे चावणे, चघळणे. गिळलेल्या घासाची चर्वणा होत नाही. रस ही वस्तू नसून रस्यमान होण्याची प्रक्रिया आहे, हा त्याचा सिद्धान्त समजावून सांगण्यास चावण्याच्या क्रियेइतके सोपे उदाहरण नाही. भाकरीचा तुकडा तोंडात टाकताच लागणारी चव आणि तो तुकडा पुष्कळ वेळ चावल्यावर लाळेत उतरणारी गोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाळेतील पाचकद्रव्य पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू लागते, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. ती गोडी भाकरीत तयार नव्हती, ती चावण्यातून घडली. मम्मटाने काव्यप्रकाशात दिलेला पानकरसाचा दृष्टांतही याच जातीचा आहे. साखर, मिरी इत्यादी घटकांच्या मिश्रणातून जी चव निघते, ती त्यांपैकी कोणत्याही एकाची नसते.

आयुर्वेदाने हीच गोष्ट आरोग्याच्या अंगाने मांडली. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीचे नियम आहेत. अन्न उष्ण व स्निग्ध असावे, मात्रेत असावे, आधीचे पचल्यावर घ्यावे, इष्ट स्थळी घ्यावे, फार घाईने किंवा फार रेंगाळत खाऊ नये, बडबडत वा हसत खाऊ नये, आणि ‘तन्मना’ होऊन खावे. तन्मना म्हणजे त्यात मन असलेला. भरताचा ‘सुमनस’ आणि चरकाचा ‘तन्मना’ यांत नाते उघड आहे. पहिल्यात मनाची प्रसन्नता आहे, दुसऱ्यात मनाची उपस्थिती. बौद्ध परंपरेतील सतिपट्ठानसुत्तातही खाताना, पिताना, चावताना, चव घेताना सावध राहण्याचा उपदेश आहे. आधुनिक काळात १९७९ साली अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत जॉन कबात-झिन यांनी ताणमुक्तीचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात एक बेदाणा पाहून, चाचपून, हुंगून, अतिशय सावकाश खाण्याचा पाठ आहे. तो आज जगभर प्रसिद्ध आहे, आणि त्याचे मूळ बौद्ध साधनेत आहे.

पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्राने मात्र जिभेला बाहेर उभे केले. कांटने १७९० साली ‘सुखद’ आणि ‘सुंदर’ यांत भेद करताना मद्याच्या चवीचे उदाहरण घेतले. ती मला रुचते एवढेच मी म्हणू शकतो, इतरांनी मान्य करावे असा दावा त्यात नाही. हेगेलने तर गंध, रुची आणि स्पर्श यांना कलेच्या क्षेत्रातून वगळले, कारण वस्तू भक्षिली की ती उरत नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाने कांटचा विचार मराठीत साक्षेपाने आणला आणि आपल्या पिढीची घडण त्यावर झाली. भारतीय काव्यशास्त्राने मात्र कलानुभवाची सर्वोच्च अवस्था सांगण्यासाठी नेमके त्याच इंद्रियाचे उदाहरण निवडले, जे पाश्चात्त्य विचाराने सर्वांत हीन ठरविले होते. हा विरोध केवळ दृष्टांताचा नाही. आस्वाद हा दुरून न्याहाळण्याचा व्यापार आहे की आत घेऊन आपल्यात मिसळण्याचा, हा मुद्दा त्याच्या मुळाशी आहे.

३. ज्ञानदेवांनी वाढलेले ताट

मराठी कवितेने हे रूपक शास्त्रातून उसने घेतले आणि आपल्या पद्धतीने जिवंत केले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव आपल्या मराठी बोलांचे वर्णन करतात. तेथे शब्दांच्या रसाळपणामुळे कानांना जिभा फुटतात. इंद्रियांमध्ये भांडण लागते. शब्द हा वास्तविक कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस माझा, घ्राणाला त्यात परिमळ सापडतो, डोळे तृप्त होतात, आणि मन तर त्या शब्दांना आलिंगन देण्यासाठी बाहेर धावू पाहते. एका विषयावर सर्व इंद्रिये एकवटणे हे वर्णन काव्याचे आहे, परंतु ते चांगल्या जेवणाचेही यथातथ्य वर्णन आहे. गरम भाकरी फुगताना दिसते, तव्यावरची तिची वाफ नाकात शिरते, मोडताना पापुद्र्याचा आवाज येतो, बोटांना चटका बसतो, आणि जीभ या साऱ्यानंतर शेवटी येते. जीभ एकटी कधीच जेवत नाही.

ज्ञानदेव येथे थांबत नाहीत. पुढे ते म्हणतात की ही बोलांची ताटे आहेत, त्यांवर कैवल्याचा रस वाढला आहे, आणि ही पंगत निष्कामांसाठी मांडली आहे. आणि जो इंद्रियांना चोरून जेवतो त्यालाच हे जेवण फावते. इंद्रियांना आधी पंगतीस बोलावून नंतर त्यांच्या नकळत जेवावयास सांगणे, हा विरोधाभास वरवरचा आहे. इंद्रिये जागी असल्याशिवाय रस कळत नाही, पण इंद्रियांच्या हव्यासाने जेवणारा रस गमावतो. अधाशीपणा आणि आस्वाद एकत्र नांदत नाहीत. सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचे विवेचन करताना आकाराने लहान पण परिणामाने थोर अशा अन्नाला ज्ञानदेव गुरुमुखातील अक्षराची उपमा देतात. येथे दृष्टांताची दिशा उलटली आहे. शब्दाला अन्नाची उपमा देणारा कवी आता अन्नाला शब्दाची उपमा देतो. दोन्ही बाजूंनी ये-जा असलेला हा रस्ता पुढील काळात एकेरी झाला, आणि ‘आस्वाद’ केवळ ग्रंथातला उरला.

४. चवीचा शब्दकोश

याचा अर्थ मराठी भाषेने जिभेचे ज्ञान गमावले असा नाही. वर्गातील परिभाषा सुकली तरी बोलीचा झरा वाहता आहे. षड्रसांची नावे सहाच, पण मराठी माणूस आंबट, आंबूस, आंबटगोड, आंबटढस्स असा भेद करतो. अळणी आणि सपक यांत तो फरक करतो. पहिल्यात मीठ नाही, दुसऱ्यात जीव नाही. मचूळ हे पाण्याचे, हिरवट हे कच्च्या फळाचे, करपट आणि धुरकट हे चुलीचे, मिळमिळीत हे हात राखून केलेल्या फोडणीचे. ‘खमंग’ या शब्दात गंध आणि रुची वेगळी करता येत नाहीत. ‘कुरकुरीत’ हा शब्द कानाने चाखलेला आहे. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने आपल्या पाकविषयक पुस्तकाला ‘खमंग’ असेच नाव दिले, हे येथे आठवते. ‘अळणी भाषण’, ‘खमंग बातमी’, ‘मिळमिळीत लेखन’ असे आपण सहज बोलतो. म्हणजे समीक्षेची खरी देशी परिभाषा स्वयंपाकघरात तयारच आहे. आपण ती उत्तरपत्रिकेत येऊ देत नाही, इतकेच.

खानदेशच्या जेवणाने या शब्दकोशात स्वतःची भर घातली आहे. दादरची भाकरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, खापरावरचे मांडे यांच्या चवी या भूभागाशी बांधलेल्या आहेत. हिवाळ्यात नंदुरबार शहराबाहेर मिरचीच्या पथारी पसरतात, तेव्हा वाऱ्यातून येणारा ठसका हा या गावाचा पहिला परिचय असतो. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरउतारांवर मोर, भादी, बर्टी, राळा ही भरड धान्ये पिकत आली आहेत. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले टपटपतात आणि उजाडण्यापूर्वी ती वेचली जातात. या साऱ्यांच्या चवींना पावरी, भिलोरी, मावची या बोलींत जी नावे आहेत, ती आपल्या प्रमाण मराठीच्या कोशात बहुधा नाहीत.

५. वर्गातील एक पाठ

एका वर्षी रसविचार शिकविताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवरची अलिप्तता पाहून प्रस्तुत लेखकाने एक साधा प्रयोग केला. प्रत्येकाला ज्वारीच्या भाकरीचा चतकोर आणि आमचुराची एक फोड दिली. सूचना मोजक्याच होत्या. प्रथम दोन मिनिटे ती फोड केवळ पाहावी : रंग, कडा, शिरा, सुरकुत्या. मग बोटांनी चाचपावी, मोडून तिचा आवाज ऐकावा, हुंगावी. त्यानंतर जिभेवर ठेवावी, पण चावू नये; तोंडात कोठे काय होते ते पाहावे. मग चावावी, भाकरीबरोबर पुन्हा चाखावी, आणि गिळल्यानंतर मागे काय उरते ते न बोलता लक्षात घ्यावे. शेवटी दहा ओळी लिहाव्यात. ‘छान’, ‘सुंदर’, ‘रुचकर’ हे शब्द वर्ज्य.

बहुतेकांनी लिहिले ते अपेक्षित होते, तरी नेहमीच्या रसग्रहणाहून सरस होते. कोणाला फोड दिसताच, चाखण्यापूर्वीच, तोंडास पाणी सुटल्याचे जाणवले. अनुभाव स्थायीच्या आधी दिसतो, हे त्याला व्याख्यानाशिवाय कळले. कोणाच्या ध्यानात आले की आंबटपणा जिभेच्या कडांवर अधिक जाणवतो, आणि भाकरीबरोबर खाल्ल्यास तो मागे सरून एक वेगळीच चव पुढे येते. पानकरसाचा दृष्टांत त्यांनी स्वतःच्या तोंडात पडताळला.

अक्राणी तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या दहा ओळींत मात्र ‘आंबट’ हा शब्दच नव्हता. तिने लिहिले होते ते असे. फोड पाहताच ती कोणत्या प्रतीची आहे हे तिला कळले, कारण सुकत असताना पाऊस लागलेल्या फोडीचा रंग वेगळा असतो आणि व्यापारी तिला भाव देत नाही. हुंगल्यावर तिला उन्हात बसून कैऱ्या सोलणाऱ्या घरच्या बायकांचे हात आठवले, कारण कैरीच्या चिकाने बोटांची साल जाते. आणि जिभेवर ठेवल्यावर आठवले ते हे की, त्यांच्या दारात आंब्याची झाडे असूनही घरात पिकलेला आंबा फारसा खाल्ला जात नसे, कारण कैरी पिकण्याआधीच उतरवून आमचुरासाठी कापली जाई. पावसाळ्याचे बियाणे आणि किराणा त्यावरच येई. शेवटी तिने विचारले होते की या चवीला घरी जो शब्द आहे तो लिहिला तर चालेल का, आणि चालल्यास कोणत्या लिपीत.

महाभारतातील नलोपाख्यानात बाहुकाच्या रूपात असलेल्या नळाला दमयंती ओळखते ती त्याने शिजविलेले मांस चाखून. रूप बदलले, नाव बदलले, तरी हाताची चव बदलली नाही. जिभेचे ज्ञान हे खरोखर ज्ञान आहे, केवळ आवडनिवड नाही, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता देता येईल? त्या विद्यार्थिनीच्या जिभेने फोडीच्या रूपात आपले घर ओळखले होते. तिच्या शिक्षकाने मात्र ती फोड आस्वादाचे सामान्य उदाहरण म्हणून बाजारातून आणली होती. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आपण अभ्यासक्रमात शिकवितो. आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून त्यांनाच समजावून सांगणाऱ्यांविषयीची ती कविता आहे. त्या दिवशी व्यासपीठावर कोण उभे होते, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात संदेह उरला नाही.

६. रसविघ्न

त्याच पाठानंतर एका वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने दुसरा आक्षेप घेतला. तो म्हणाला, “सर, असे सावकाश जेवलो तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायला जाईपर्यंत भाजी संपलेली असते.” वर्ग हसला. परंतु या वाक्यात अभिनवगुप्ताच्या एका सिद्धान्ताचे सार आहे.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होऊन जाणे. जो आपल्याच चिंतेने ग्रासला आहे त्याचे मन अन्यत्र विश्रांत होऊ शकत नाही. दुसरे एक विघ्न म्हणजे प्रतीतीच्या साधनांची उणीव. नाट्यगृहातील गीत, वाद्य, मंडपाची शोभा ही विघ्ने दूर करण्यासाठी असतात. हाच विचार ताटाला लावून पाहावा. दुसऱ्या वाढपाची खात्री नसलेला माणूस घास चघळत नाही, गिळतो. हा संस्काराचा दोष नाही. हे विघ्न आहे, आणि ते भोक्त्याच्या मनात उत्पन्न झालेले नाही, बाहेरून आलेले आहे. रोजगारासाठी कुटुंबासह ऊसतोडीला किंवा गुजरातेत स्थलांतर करणाऱ्या माणसाला ‘तन्मना होऊन जेवा’ असा उपदेश करणे म्हणजे मंडप न उभारता प्रेक्षकाच्या अरसिकतेला दोष देणे होय. १९७० नंतरच्या वर्षांत शहादे परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींचा लढा उभा राहिला, १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. मजुरी आणि जमीन यांसाठी झालेला तो लढा आपल्या परिभाषेत सांगावयाचा तर विघ्ननिवारणाचाही होता.

तथापि येथे एक धोका आहे. भूक असलेल्या ठिकाणी आस्वाद नसतोच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. किंबहुना तो अपमान ठरेल. सातपुड्यातील अनेक समाजांत नवे पीक हाती येताच खाल्ले जात नाही. कणसरी ही धान्याची देवता, तिला व कुलदैवतांना अर्पण करून, गावाने मिळून दिवस ठरवून मगच नवा घास घेतला जातो. महाशिवरात्रीच्या सुमारास जिल्ह्यातील हजारो भाविक गुजरातेतील देवमोगरा येथे याहा मोगीच्या दर्शनास जातात, तेव्हा सोबत नव्या धान्याची टोपली असते. दुष्काळात धान्य देऊन माणसे जगविणारी माता अशी तिची कथा आहे. भूक ठाऊक असलेल्या समाजाने घास हातात असूनही थांबण्याचा हा आचार घडविला. घासापूर्वीचा तो थांबा म्हणजेच अवधान. चरकाचा ग्रंथ आणि अमेरिकेतील बेदाण्याचा पाठ ज्या ठिकाणी पोचू पाहतात, त्या ठिकाणी हा समाज सामूहिक रीतीने आधीच उभा आहे. फरक एवढाच की येथे अवधान एकट्याच्या मनःशांतीसाठी नाही. धान्य, भूमी आणि शेजारी यांची आठवण त्यात अनुस्यूत आहे.

७. भुकेच्या बाजूचे साहित्य

मराठी साहित्यात अन्नाचे दोन प्रवाह दिसतात. एक तृप्तीचा. पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा ‘हसवणूक’ (१९६८) मधील लेख त्याचा लोकप्रिय नमुना आहे. त्यातील खाण्याचा आनंद खोटा नाही, आणि चवींचे बारकावे टिपणारी ती दृष्टी तीक्ष्ण आहे. दुसरा प्रवाह भुकेचा. चोखोबांच्या अभंगात उष्ट्यासाठी आलेला भुकेला भक्त उभा आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनांत भाकरी हा विषय नसून जणू पात्र आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजाच्या पाककृती आणि त्यांमागचे जगणे नोंदविले. प्रचलित वचनाला त्यांनी जोडलेले ते एक ‘अ’कार पुष्कळ काही सांगून जाते. ज्या पदार्थांना आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांनी जागा दिली नाही, त्यांच्याही चवी असतात, कृती असतात, आणि त्या जिभांना आपले बारकावे असतात, हे त्यांनी दाखवून दिले.

या दोन प्रवाहांना जोडणारा सेतू म्हणून बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्याकडे पाहता येते. जळगावजवळच्या आसोद्याची ही निरक्षर कवयित्री. तिची गाणी १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. तिच्या कवितेत भाकरी येते ती खाणाऱ्याच्या बाजूने नव्हे, करणाऱ्या हाताच्या बाजूने. चुलीवरचा तवा, हाताचा चटका आणि मग भाकर, या क्रमाने. मोट, पेरणी, जाते, चूल या सर्व पायऱ्या घासात जमा झालेल्या असतात आणि तिची जीभ त्या ओळखते. भरताच्या दृष्टांतात सुमनस भोक्ता आहे, परंतु रांधणारी कोठे आहे? बहिणाबाईंनी ती रिकामी जागा भरून काढली. अक्राणीच्या त्या विद्यार्थिनीच्या दहा ओळी याच परंपरेतील होत्या. तिचा आस्वाद निर्मितीच्या ज्ञानातून आला होता. म्हणूनच तो इतरांपेक्षा खोल गेला.

८. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, आस्वाद म्हणजे अवधान. अन्न असो की कविता, गिळून चालत नाही. इंद्रिये जागी ठेवून, हव्यास बाजूला सारून चर्वणा करावी लागते. दुसरी, आस्वाद म्हणजे ओळख. घासामागचे हात, ऋतू आणि भाव ज्याला ठाऊक आहेत त्याला चव अधिक कळते. तेव्हा रसिकतेची मक्तेदारी सुखवस्तू वर्गाकडे नाही. तिसरी, आस्वादाला हमी लागते. पुढचा घास मिळेल ही खात्री हा आस्वादाचा मंडप आहे, आणि तो उभारणे ही एकट्या भोक्त्याची जबाबदारी नव्हे. यांतील तिसरी गोष्ट सोडून पहिल्या दोन शिकविणे म्हणजे अर्धे काव्यशास्त्र शिकविणे होय.

महाविद्यालयीन अध्यापकांनी रसविचाराचा तास निदान एकदा घासापासून सुरू करून पाहावा. साहित्य फार लागत नाही. आपल्या गावात पिकणारा एखादा साधा पदार्थ, दहा मिनिटांची शांतता आणि वर्ज्य शब्दांची एक छोटी यादी पुरते. लेखनात विद्यार्थ्यांना घरच्या बोलीतील शब्द वापरू द्यावेत आणि ते जपून नोंदवून ठेवावेत. पदव्युत्तर पातळीवर चवीच्या बोलीशब्दांचे संकलन हा प्रबंधिकेचा विषय सहज होऊ शकतो. प्रारंभी मात्र एक पथ्य पाळावे. आज सकाळी कोण काही न खाता वर्गात आले आहे, याची चौकशी आधी करावी, आणि ती चारचौघांत करू नये.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाने दिले ते असे की, शब्द घरचाच लिहावा, देवनागरीत जसा उच्चारला जातो तसा लिहावा, आणि शिक्षकाला समजावून सांगावा. तिने तो फळ्यावर लिहिला आणि त्याचा अर्थ सांगताना तिला मराठीतील चार विशेषणे एकामागून एक वापरून टाकून द्यावी लागली. तेव्हा वर्गातील प्रत्येकाने उरलेली फोड पुन्हा जिभेवर ठेवली. त्या तासाला रससूत्र फळ्यावर लिहावयाचे राहून गेले.